करेक्ट म्हटल्याशिवाय लिहू नका

१२ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग कागदावर काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. आजच्या रागाचे मानकरी आमचे डीन, डॉ. गुलाब साहू.

आमच्या विद्यापीठाला जर्मनचा वर्ग आहे, हे विद्यापीठाला फक्त माहितीपत्रक छापताना आठवतं. एरवी मी, एक खडू आणि नर्सिंगची नऊ मुलं-मुली असा आमचा संसार. जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं मिळत नाहीत, आणि भिलाईत सेवा करायला तयार असलेल्यांना नोकरी मिळत नाही. मध्ये फक्त एक भाषा आडवी येते. तिला बाजूला सारण्याचा पगार मी घेते.

या बॅचमधून रोशनी बोपचे डिसेंबरमध्येच परीक्षेला बसली. वाचन, लेखन, बोलणं, तिन्हीत उत्तम. ऐकण्यात नापास. तिला निवडलेल्या जर्मनीतल्या हॉस्पिटलनं आज कळवलं की मार्चमध्ये ऐकण्याचा पेपर निघाला तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीची. तिसरी संधी नाही.

हे सांगायला डीनसाहेबांकडे गेले, जादा तास मागितले. ते म्हणाले, ‘‘मैडम, लिसनिंग भी कोई पढ़ाने की चीज़ है? कान तो सबके पास हैं।’’

कान सगळ्यांकडे आहेत, हे त्यांच्याकडे पाहून पटत नाही. तास मात्र मिळाले. संध्याकाळचे, कुणालाच नको असलेले.

रोशनी जिन्यात भेटली. तिचे वडील पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला आहेत, गाव गोंदियाकडचं. म्हणाली, ‘‘मॅडम, मले समजते सगळं. पण एक शब्द सुटला का मी तिथंच उभी राहते. मंग बाकीची गाडी निघून जाते.’’

१६ जानेवारी, शुक्रवार

श्रुतलेखन घेतलं. नाव काढताच वर्गात हसू पिकलं. अभिनव हा आमच्या वर्गाचा अधिकृत विदूषक. म्हणाला, ‘‘मॅडम, तिसरीत गेल्यासारखं वाटून राहिलं. पाटी आणू काय?’’

मी वाचलं, त्यांनी लिहिलं. अभिनवचा कागद जवळजवळ निर्दोष. विचारलं, ‘‘उताऱ्यातल्या या आजीबाईंना काय होतंय?’’ त्यानं कागदाकडे असं पाहिलं जणू तो शेजाऱ्याचा आहे. ‘‘समजायचं पण होतं काय?’’

रोशनीची पहिली ओळ मोत्यासारखी. दुसरीत एक शब्द अडला, आणि त्यापुढे कोरा कागद. बाकी सगळे खाली मान घालून लिहीत होते आणि ती समोर बघत बसली होती. मला राग यायला हवा होता. आला नाही.

१८ जानेवारी, रविवार

सुचलं! आणि सुचवलं कुणी, तर आमच्या बाबांनी, तेही वांग्यांवरून.

बाबा, म्हणजे शेषराव, दुर्ग लाइनवर स्टेशन मास्तर होते. आता बोरसीच्या घरात आम्ही दोघंच. आई गेली, आणि माझं लग्न त्याच्याही आधी गेलं. सकाळी मी त्यांना म्हटलं, बाजारातून वांगी आणा, कोथिंबीर आणा, येताना इस्त्रीचे कपडे घ्या. बाबांनी माझ्या तोंडाकडे एकटक पाहत सगळं परत म्हणून दाखवलं. ‘‘वांगी, कोथिंबीर, येता येता इस्त्री. करेक्ट?’’

‘‘करेक्ट,’’ मी म्हटलं. मगच त्यांनी चपला घातल्या.

हल्ली ते सगळंच असं म्हणून दाखवतात. मी चिडवलं तर म्हणाले, ‘‘अवं, लाइन क्लिअर असाच देते. इकडच्या मास्तरनं फोनवर सांगायचं, तिकडच्यानं जसंच्या तसं परत म्हणायचं, यानं करेक्ट म्हणायचं, मंगच सिग्नल. समजलं असंल म्हणून गाडी सोडली का माणसं मरते.’’

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी शिस्त सुटलेली नाही. उलट वाढतेच आहे. टीव्हीही स्टेशनच्या आवाजात लावतात. शेजारच्या कौशल्याबाई भिंतीपलीकडून बातम्या ऐकतात आणि हवामानाचा अंदाज आम्हालाच परत सांगतात. जन्म गाड्यांच्या धडधडाटात गेला, शांतता सोसत नाही बिचाऱ्यांना. फोन मात्र उचलत नाहीत. ‘‘जिंदगीभर फोनच उचलले. आता तू उचल.’’ मला हे बाणेदार वाटतं.

तर श्रुतलेखन असंच घ्यायचं. मी सांगायचं, एकानं परत म्हणायचं, मी ‘करेक्ट’ म्हणायचं, मगच लिहायचं.

२१ जानेवारी, बुधवार

चाललं! रोशनीनं आख्खा उतारा लिहिला. सहाव्या वाक्यात अडली, चुकीचं परत म्हणाली, मी मान हलवली, ती पुन्हा म्हणाली, करेक्ट, पुढे. गाडी सुटली नाही, कारण गाडी सोडणं माझ्या हातात होतं. फळ्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिला: करेक्ट म्हटल्याशिवाय लिहू नका.

वर्गातल्या चार जणांच्या घरी रेल्वे आहे. त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रगती. आता बाकांना स्टेशनांची नावं आहेत: भिलाई-३, कुम्हारी, राजनांदगाव, डोंगरगड. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि एकमेकांना जर्मन वाक्यांचा लाइन क्लिअर द्यायचा. अभिनव डोंगरगडहून ओरडतो, ‘‘राजनांदगाव, पेशंटने रात का खाना नहीं खाया, करेक्ट?’’ अर्थात जर्मनमध्ये. जर्मन भाषेनं आजवर पुष्कळ सोसलं आहे, हेही सोसेल.

आवाजानं डीनसाहेब आले. ‘‘मैडम, ये क्लास है कि प्लेटफ़ॉर्म?’’

मी म्हटलं, ‘‘सर, प्लेटफॉर्मच आहे. फरक इतकाच, इथल्या गाड्या वेळेवर आहेत.’’

तासाभरानं त्यांच्या खोलीसमोरून गेले तर आतून त्यांचा फोनवरचा आवाज येत होता. कुठल्याशा तपासणी समितीला ते ‘हमारी अपनी इनोवेटिव पद्धति’ समजावून सांगत होते. रक्तदाबासाठी ही नोंद इथेच थांबवते.

८ फेब्रुवारी, रविवार

रोशनीला आता रविवारी घरीही बोलावते. बाबा खूश. ती दिवाणावर त्यांच्या शेजारी बसली तर म्हणाले, ‘‘असं नाही पोरी, समोर बस. खिडकीपाशी, उजेडात.’’ स्वतःची खुर्ची ओढून तिच्या पुढ्यात आणली. पाहुण्याची सरबराई त्यांच्याकडून शिकावी.

मग चौकशी. गाव कोणतं, बाप कोणत्या शिफ्टला, भाऊ किती. तिची प्रत्येक ओळ परत म्हणून घेतली. ती हसायला लागली. ‘‘आबाजी, तुमी तर आमच्या मॅडमपेक्षा कडक हाव.’’

नंतर ती चहा घेऊन त्यांच्या मागून आली, ‘‘आबाजी, चहा’’ म्हणाली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, ‘‘विचारात असतात गं, ठेव तिथंच.’’ तिनं कप ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, चहाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते विसरली असेल. सांगितलं. तिनं मान डोलावली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सराव परीक्षा. खऱ्यासारखी. ध्वनिमुद्रण लावलं, वर्गाचं दार लावलं, बोलायची सक्त मनाई.

मुद्रणातली बाई पहिलं वाक्य बोलली, आणि माझा वर्ग एका सुरात पुटपुटला. सगळ्यांनी वाक्य परत म्हटलं. मग नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळल्या. पेनं हवेत. सगळे वाट बघत होते.

बाई थांबली नाही. ती कशाला थांबेल? तिला कोण विचारतंय?

‘‘मॅडम,’’ अभिनव म्हणाला, आणि या वेळी तो विनोद करत नव्हता, ‘‘ही बाई करेक्ट म्हणूनच नाही राहिली.’’

बाकीच्यांनी कसंबसं सावरलं. रोशनी नाही. तिचं पेन शेवटपर्यंत वर होतं. डिसेंबरमध्ये तिला बावन्न होते. आज अडतीस.

म्हणजे मी तिला ऐकायला शिकवलं नाही. मी तिला माझ्या मानेकडे बघायला शिकवलं. आधी ती एक शब्द सुटला की थांबायची. आता शब्द न सुटताही थांबते. आणि खऱ्या परीक्षेत तोंडातून आवाज निघाला तर पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. महिना उरला आहे. पोरीची एकच जागा, एकच संधी, आणि तिच्या वाटेत मी फाटक लावून ठेवलंय. फळ्यावरचा नियम पुसला. माझ्याच अक्षराचा असा राग पहिल्यांदा आला.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाटलं ती येणार नाही. आली. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत तिला म्हटलं, ‘‘माझं चुकलं. सवय लावली ती उलटली.’’

तिनं ते ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. ‘‘मॅडम, आबाजीचे कान कधी तपासले?’’

‘‘कान? कशाला?’’

‘‘ते ओठ वाचून राहिले. तुमी पाठमोऱ्या असल्या का जबाबच देत नाहीत.’’

मी हसले. रेल्वेची सवय, शिस्त, लाइन क्लिअर, सगळं समजावून सांगितलं. ती उठून बैठकीत गेली. बाबा पेपर वाचत होते. त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून, आपण नेहमी बोलतो तशा आवाजात म्हणाली, ‘‘आबाजी, घर पेटलं.’’

बाबांनी पान उलटलं.

‘‘आबाजी, भाग्यश्री मॅडम पडल्या.’’

त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचत राहिले.

मी गॅस बंद केला. गॅसवर काहीच नव्हतं, तो चालूही नव्हता.

२२ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर लिहिलं नाही. बाबांना काही बोलले नाही. काय बोलणार? मी विद्यापीठात ऐकणं शिकवते, अशी सुरुवात करू? कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून ते इतकं जपत आले आहेत, तर एकदम दार ढकलून आत शिरायचं? रोशनी म्हणते, बोला. मी म्हणते, बघू.

बोलले नाही, पण बघायला मात्र लागले.

आज फाटकापाशी कौशल्याबाई त्यांना सुनेची कहाणी सांगत होत्या. कौशल्याबाई सुरू झाल्या की मध्ये श्वासही घेत नाहीत, परत म्हणून दाखवायला सवड कुठली? मी खिडकीतून पाहिलं. बाबा परत म्हणत नव्हते. सुटलेला शब्द शोधत नव्हते. बाईंचा हात कपाळाला गेला, रायपूरचं नाव आलं, आवाज चढला, डोळे पुसले. बाबांनी तेवढंच उचललं आणि नेमकं विचारलं, ‘‘मंग विहीणबाईनं काय म्हटलं?’’

बाई खूश. कहाणी पुढे.

दहातले सहा शब्द सुटत असतील. ते सुटलेल्यांचा शोक करत नाहीत. हाती आलेल्यांतून उरलेलं बांधतात. चुकलं तर पुढच्या वाक्यात दुरुस्त करतात. किती दिवसांपासून असं चाललंय? आणि मला त्यातला एकसुद्धा शब्द ऐकू आला नाही.

उद्यापासून श्रुतलेखन असं. उतारा एका दमात, बोलण्याच्या गतीनं. चालू असताना पेन खाली. संपल्यावर आठवतील ते चार शब्द लिहायचे. मग तिघांनी बसून त्या शब्दांवरून उतारा उभा करायचा. माझाच उतारा जसाच्या तसा नको, अर्थ हवा. आणि मी ‘करेक्ट’ म्हणणार नाही. मान हलवणार नाही. तोंड भिंतीकडे करून बसणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिले दोन दिवस रडारड. अभिनव म्हणतो, ‘‘चार शब्दांत काय होते मॅडम, चार शब्दांत तर मी प्रेमपत्रही नाही लिहीत.’’ पण तिघांत भांडण होतं, आणि भांडणात अर्थ सापडतो. ‘‘डॉक्टर आला नव्हता.’’ ‘‘आला होता बे, उशिरा आला.’’ ‘‘मंग ती म्हातारी चिडली काहून?’’ असं हिंदी, मराठी, छत्तीसगढी करत करत शेवटी जर्मनला पोचतात.

रोशनी आज तास संपल्यावर थांबली. ‘‘मॅडम, हे आबाजीचं हाय ना?’’

‘‘शिक्षणशास्त्रात याला मोठं नाव आहे,’’ मी म्हटलं.

‘‘असंल,’’ ती म्हणाली.

अजून तोंड न उघडता ऐकणं तिला जमत नाही. ओठ हलतातच.

८ मार्च, रविवार

रोशनीचा शेवटचा रविवार. सराव झाल्यावर तिला हलकं वाटावं म्हणून मी मराठी पेपर घेतला. म्हटलं, मी बातमी वाचते, तुम्ही दोघांनी मुद्दा सांगायचा. बाबा हुशारीनं पुढे सरकले. मी वाचायला लागले आणि पेपर तोंडासमोर धरला. मुद्दाम धरला की चुकून, हे मला आताही सांगता येत नाही. खोटं लिहायचं तर ही वही कशाला?

मुद्दाम धरला.

बातमी संपली. रोशनीनं बाबांकडे पाहिलं.  मग ते हळूच म्हणाले, ‘‘भाग्या, पेपर खाली कर. तोंड दिसू दे.’’

मी पेपर खाली केला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुणाचेही ओठ हलले नाहीत. रोशनीनं माझ्या हातातून पेपर घेतला, घडी केली, आणि तीच बातमी त्यांच्या समोर बसून पहिल्यापासून वाचली. भिलाईत भटकी गुरं वाढल्याची बातमी होती. बाबांनी लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे पाहिली. म्हणाले, ‘‘हे दरसाल छापते.’’

१४ मार्च, शनिवार

नागपूर. पहाटेची गाडी. रोशनीच्या वडिलांची शिफ्ट होती, म्हणून मी सोबत. वाटभर तिचं डोकं वहीत. गोंदिया आलं तेव्हा तेवढी खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचं गाव तिथून पुढे बसनं.

परीक्षेच्या इमारतीबाहेर पालक आणि चहावाला. मी तीन कप प्यायले. रक्तदाबाच्या डॉक्टरांना कळवायचं नाही.

ती बाहेर आली ती खालचा ओठ चेपत. त्यावर दाताचा लाल व्रण.

‘‘पहिल्याच प्रश्नाले ओठ हालले. मॅडम, ती पर्यवेक्षक बाई उठून जवळ आली. मंग मी ओठ दातात धरला तो शेवटपर्यंत.’’

‘‘आणि पेपर?’’

‘‘पुष्कळ सुटलं. तिसऱ्या भागात तर एक पुरं वाक्य गेलं.’’

मी विचारलं, ‘‘मग थांबलीस?’’

‘‘नाही ना. जाऊ देलं.’’ तिला स्वतःलाच नवल वाटत असावं. ‘‘शेवटी एक बाई फोनवर म्हणत होती का वाढदिवसाले नक्की येते. प्रश्न होता, येणार का नाही. शब्द तर ‘येते’चे होते. पण आवाज... आमची मावशी अशीच ‘येते’ म्हणते. मी लिहिलं, नाही येणार.’’

‘‘बरोबर आहे का ते?’’

‘‘आता तुमी मले विचारून राहिल्या?’’ ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा हसली.

३० मार्च, सोमवार

चौसष्ट! साठ लागतात, चौसष्ट आहेत. चार गुण जास्तीचे. ती मावशी त्यातली असेल तर तिचे आभार.

डीनसाहेबांनी दुपारपर्यंत फलक छापायला टाकला: रोशनीचा फोटो, त्याहून मोठा त्यांचा, खाली ‘शत-प्रतिशत परिणाम’. मी म्हटलं, सर, परीक्षेला एकटीच बसली होती. म्हणाले, ‘‘तो शत-प्रतिशत ही हुआ न, मैडम!’’ गणितात हार मानली.

संध्याकाळी रोशनी पेढे घेऊन घरी आली. मी दारातच हात पुढे केला, पण ती मला ओलांडून आत गेली आणि आधी बाबांच्या पाया पडली. त्यांच्या समोर, उजेडात बसली. जुलैत जायचं आहे. हॉस्पिटलचं नाव सांगितलं, ते त्यांना तीनदा सांगूनही उच्चारता आलं नाही, तेव्हा दोघं हसली.

मग बाबा गंभीर झाले. ‘‘तिथले म्हातारे काय म्हणते ते समजंल काय तुले?’’

‘‘सगळं नाही समजणार आबाजी.’’

‘‘मंग?’’

‘‘विचारीन. समजलं नाही, पुन्हा सांगा म्हणीन.’’

बाबांनी पेढ्याचा डबा मांडीवर घेतला. झाकण उघडलं, लावलं.

‘‘विचारजो,’’ ते म्हणाले. ‘‘लाजू नको. मी लाजलो. आपली पोरगी मास्तरीण, तिले काय वाटंल म्हणून लाजलो. दोन साल झाले. कौशल्याबाईच्या घरी जेवाले बोलावते तर जात नाही. फोन वाजला का नाही, कळतच नाही.’’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्यांच्या अगदी समोर. माझा चेहरा त्यांना दिसत होता, म्हणून तो आवरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

‘‘भाग्या,’’ ते म्हणाले, ‘‘कानाचा डॉक्टर कुठी बसते?’’

‘‘सिविक सेंटरला. सहानंतर.’’

‘‘रोशनी, तू पण चाल,’’ बाबा म्हणाले, आणि डब्यातला सगळ्यात मोठा पेढा निवडून तिच्या हातावर ठेवला. ‘‘खाऊन घे आधी. डॉक्टरकडं बसावं लागते.’’

मी ऑटो बघायला बाहेर पडले.